पैसे भरलेले, तरी दार बंद: एका विद्यापीठाच्या लायब्ररीतलं ऑनलाइन जर्नल्सचं प्रकरण

सुरुवात एका स्क्रीनशॉटने झाली. पीएचडीच्या एका विद्यार्थिनीने लायब्ररीच्या मेलवर पाठवला होता, त्यात एका शोधनिबंधाचं पान, वर सारांश दिसतोय आणि खाली पूर्ण लेख हवा असेल तर विकत घ्या असं बटण. सोबत एकच ओळ, मॅडम हे जर्नल आपल्याकडे नाहीये का? मी यादी उघडून बघितलं तर होतं. कित्येक वर्षं होतं, दरवर्षी न चुकता वर्गणी जात होती आणि ती मागत होती तो अंकसुद्धा आमच्या हक्कातला होता. म्हणजे लायब्ररीने पैसे भरलेत, लेख प्रकाशकाच्या सर्व्हरवर आहे, वाचणारी आमचीच विद्यार्थिनी आहे, आणि तरी मधे दार बंद. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण तिने निदान विचारलं तरी, न विचारता गप्प बसलेले किती असतील याचा अंदाजच येईना.

नेमकं त्याच सुमाराला ग्रंथालय समितीत ठरलं होतं की ऑनलाइन जर्नल्स वाढवायची. वाढवायची म्हणजे नेमकं काय हे कोणी विचारलं नाही, सगळे धरूनच चालले की अजून एक मोठं पॅकेज घ्यायचं. प्रकाशक एकेक जर्नल सुटं विकण्याऐवजी शेकडो जर्नल्सचा गठ्ठा एकत्र देतात, लायब्ररीवाले त्याला बिग डील म्हणतात, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ही पद्धत रुळलीये. सोय आहे त्यात, नाही असं नाही, पण गठ्ठ्यातलं नको ते काढून टाकता येत नाही आणि बजेटचा मोठा भाग वर्षानुवर्षं त्यातच अडकून पडतो. मी ई-रिसोर्सेसचं काम बघते. ग्रंथपाल सरांना म्हटलं, सर, नवीन काही घ्यायच्या आधी मला एक सत्र द्या, आहे ते लोकांपर्यंत पोचतंय का ते आधी बघू. सर म्हणाले समितीला दाखवणार काय? मी म्हटलं, न उघडलेले पेपर दाखवते.

न उघडलेल्या पेपरांची वही

वही म्हणजे खरं तर एक स्प्रेडशीट. लायब्ररीच्या पानावर एक छोटा फॉर्म टाकला, त्यात तीनच गोष्टी विचारल्या, कुठला पेपर, तुम्ही कुठून बघत होतात, आणि स्क्रीनवर काय दिसलं. काउंटरवरच्या सहकाऱ्यांना सांगितलं की कोणी सहज बोलता बोलता म्हणालं की अमुक पेपर मिळत नाही, तरी ते टिपून ठेवा. एवढं करायची गरज का पडली, तर अशा गोष्टींची तक्रार येतच नाही. विकत घ्या असं पान दिसलं की विद्यार्थी समजतो आपल्याकडे नसेल, मग तो दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राकडे मागतो, किंवा लेखकाला मेल टाकतो, किंवा सरळ तो संदर्भ सोडून देतो. जे आपलं आहे हेच माहीत नाही त्याबद्दल कोण भांडणार?

मग एकेक नोंद घेऊन मी उलट्या बाजूने मागे जायचे, वाचकापासून लेखापर्यंतची साखळी नेमकी कुठे तुटली ते शोधत. काही दिवसांतच त्यांचे आपोआप गठ्ठे पडायला लागले. एक घरून उघडत नाही वाल्यांचा, एक लिंक भलतीकडे नेते किंवा यादीच चुकीची आहे वाल्यांचा, एक जुने अंक मिळत नाहीत वाल्यांचा, आणि शेवटचा म्हणजे खरोखरच आमच्याकडे नसलेल्या जर्नल्सचा. आम्हा सगळ्यांना वाटत होतं हा शेवटचाच सगळ्यात मोठा असणार. तो नव्हता.

घरून

बहुतेक प्रकाशक वाचकाला ओळखतात आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे तो ज्या नेटवर्कवरून येतो त्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून. विद्यापीठाच्या नेटवर्कचे आयपी त्यांच्याकडे नोंदवलेले असतात, तिथून कोणी आलं की दार उघडतं, माणूस कोण आहे हे विचारलंच जात नाही. कॅम्पसवर बसून हे इतकं बिनबोभाट चालतं की पैसे भरून मिळालेलं आहे हेसुद्धा लोकांना कळत नाही, त्यांना वाटतं इंटरनेटवर असंच फुकट आहे, आणि घरी गेल्यावर तेच पान बंद दिसलं की गोंधळ होतो. यावर जुना उपाय म्हणजे प्रॉक्सी. वाचकाने आधी लायब्ररीच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं, मग तो सर्व्हर त्याच्या वतीने प्रकाशकाकडे जातो आणि प्रकाशकाला विद्यापीठाचाच आयपी दिसतो. यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं इझीप्रॉक्सी हे सॉफ्टवेअर १९९९ मधे क्रिस झागर नावाच्या एका ग्रंथपालानेच लिहिलं होतं, पुढे २००८ मधे ते ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने घेतलं. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण आपल्या कामातली अडचण आपल्यातल्याच कोणीतरी सोडवली होती.

प्रॉक्सी आमच्याकडेही होतीच. पण ती लागू व्हायची फक्त लायब्ररीच्या पानावरून गेलं तर. आणि लायब्ररीच्या पानावरून जातंय कोण? सगळे गुगल स्कॉलरवरून येतात, किंवा कोणाच्या तरी संदर्भसूचीतल्या डीओआयवर, म्हणजे लेखाच्या कायमच्या ओळख क्रमांकाच्या लिंकवर, क्लिक करून थेट प्रकाशकाच्या दारात. तिथे आम्ही त्यांच्या सोबत नसतोच. स्कॉलरमधे लायब्ररीला आपल्याकडे काय आहे ते नोंदवायची सोय आहे, तशी नोंद केली की शोधाच्या निकालाशेजारी लायब्ररीची लिंक दिसायला लागते, कॅम्पसवर आपोआप आणि बाहेरून एकदा सेटिंगमधे जाऊन विद्यापीठ निवडलं की. ही नोंद आमची झालेलीच नव्हती. ती केली, आणि ब्राउझरच्या बुकमार्कमधे ठेवायचं एक बटण बनवून दिलं, बंद पानावर असताना ते दाबलं की तेच पान प्रॉक्सीतून परत उघडतं. दोन्ही कामं छोटी, पण यानेच वहीतल्या नोंदी एकदम कमी झाल्या.

त्या स्क्रीनशॉटवाल्या मुलीचं मात्र एवढ्याने भागलं नाही. तिला प्रॉक्सीतून पाठवलं तरी लेखाचं पान उघडायचं आणि पीडीएफवर क्लिक केलं की परत विकत घ्या. दोन दिवस डोकं लावल्यावर कळलं की त्या प्रकाशकाने मधे प्लॅटफॉर्म बदलला होता, लेखाचं पान एका डोमेनवर आणि पीडीएफ दुसऱ्याच डोमेनवर ठेवली होती, आणि प्रॉक्सीच्या सेटिंगमधे ते दुसरं डोमेन नव्हतं. प्रॉक्सीला प्रत्येक प्रकाशकाचे पत्ते लिहून द्यावे लागतात, जे लिहिलेलं नाही तिथे ती जात नाही. कॅम्पसवर हे दिसणारच नाही, तिथे सगळं चालतं, आणि आम्ही लायब्ररीवाले तपासणार कुठून तर कॅम्पसवरूनच. तेव्हापासून मी एक नियम केला की कुठलीही लिंक चालतेय असं म्हणायचं तर ती मोबाईलच्या डेटावर, नवीन प्रायव्हेट विंडोत, साध्या विद्यार्थ्याच्या खात्याने उघडून आणि पीडीएफचं शेवटचं पान बघून मगच म्हणायचं.

ज्या प्रकाशकांकडे सोय आहे तिथे विद्यापीठाच्या खात्यानेच थेट लॉगिन सुरू केलं, सॅमल नावाच्या मानकावर चालणारं, त्यात प्रकाशक वाचकाला विद्यापीठाच्या लॉगिन पानावर पाठवतो आणि विद्यापीठ फक्त एवढंच सांगतं की हो, हा आमचा आहे. चांगली पद्धत आहे, वाचक कुठूनही आला तरी चालते. पण त्यात वाचकाला आपली संस्था यादीतून शोधावी लागते, आणि आमचं नाव यादीत एका जुन्या संक्षिप्त रूपात होतं जे आजच्या विद्यार्थ्यांनी कधी ऐकलेलंही नाही. पूर्ण नाव टाईप केलं की काहीच सापडायचं नाही. नाव बदलून घ्यायला संगणक विभागाचे दोन मेल पुरले, पण ते चुकलंय हे कळायला वही लागली.

एका सकाळी सगळंच बंद

मधेच एक प्रसंग घडला तो नीट सांगते, कारण ॲक्सेस वाढवताना याची तयारी कोणी करत नाही. एका सकाळी एका मोठ्या प्रकाशकाची सगळी जर्नल्स घरून बंद, कॅम्पसवर चालू. फॉर्ममधे नोंदींचा पाऊस. दुपारी फोनाफोनी केल्यावर समजलं की प्रकाशकाने आमच्या प्रॉक्सीचा आयपीच अडवलाय, कारण रात्रीतून तिथून ओळीने प्रचंड पीडीएफ उतरवल्या गेल्या होत्या. करारात स्पष्ट असतं की पद्धतशीर, यंत्राने सलग डाउनलोड करायचं नाही, आणि असं काही दिसलं की त्यांची यंत्रणा आपोआप दार लावते. अडचण अशी की प्रॉक्सीतून जाणारे सगळेच त्या एका आयपीवरून दिसतात, मग एकामुळे बाकीचे सगळे बाहेर. त्यांनी आम्हाला मेल केला होता म्हणे, तो गेला होता निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याच्या पत्त्यावर.

आधी सगळ्यांना वाटलं कोणाचा तरी पासवर्ड चोरीला गेला, आणि बऱ्याचदा तसंच असतं म्हणून ते वाटणं चुकीचं नव्हतं. लॉगमधे, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याच्या प्रॉक्सीतल्या नोंदींमधे, बघितलं तर एकच खातं, आणि ते हॉस्टेलमधून चालू होतं. मुलगा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करत होता, म्हणजे एका प्रश्नावरचं छापलेलं सगळं शोधायचं, चाळायचं आणि त्यातून निष्कर्ष काढायचा, त्याने शोधाचे सगळे निकाल संदर्भ ठेवायच्या सॉफ्टवेअरमधे भरले आणि पूर्ण लेख शोधा हे बटण दाबून झोपला. बिचारा लायब्ररीत आला तेव्हा अक्षरशः थरथरत होता, मॅडम माझं रजिस्ट्रेशन रद्द होईल का म्हणून विचारत होता. त्याने चोरी केलेली नव्हती, तो त्याच्या गाईडने सांगितलेलं कामच करत होता, आणि अशा कामाला इतके लेख लागतात हे आम्हाला आधी ठाऊक असायला हवं होतं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्या समोरच प्रकाशकाला उत्तर लिहिलं, काय झालं, का झालं, फाईल्स बाहेर कुठे गेलेल्या नाहीत, आणि पुढे काय करणार. आयपी दुसऱ्या दिवशी सुटला.

पुढे काय केलं, तर प्रॉक्सीत प्रत्येक खात्यामागे मर्यादा घातली, ती ओलांडली तर तेवढं एकच खातं थोड्या वेळापुरतं थांबतं, सगळं विद्यापीठ नाही. प्रकाशकांकडे संपर्कासाठी एका व्यक्तीच्या मेलऐवजी तिघे बघतात असा सामाईक पत्ता दिला. असा रिव्ह्यू करणाऱ्यांना आधी आमच्याकडे या म्हणून सांगितलं, म्हणजे टप्प्याटप्प्याने कसं उतरवायचं किंवा प्रकाशकाकडून टेक्स्ट मायनिंगची, म्हणजे यंत्राने खूप लेख एकदम चाळायची, अधिकृत वाट कशी मागायची ते आम्ही बघतो. आणि एक गोष्ट मी आग्रहाने करून घेतली, लॉग ठरावीक मुदतीनंतर पुसायचे. कोण काय वाचतंय हे लायब्ररीने कायमचं साठवून ठेवायची गोष्ट नाही. गडबड शोधण्यापुरते दिवस ठेवावेत आणि काढून टाकावेत.

यादी, आणि माझी चूक

आता दुसरा गठ्ठा, आणि हे काम सगळ्यात किचकट. एकच लेख चार ठिकाणी असू शकतो, प्रकाशकाच्या साईटवर, एखाद्या मोठ्या डेटाबेसमधे, जुन्या अंकांच्या संग्रहात, लेखकाच्या संस्थेच्या ऑनलाइन भांडारात. यातली कुठली प्रत आमच्या वाचकाला उघडेल हे जगातल्या कुठल्याही सर्च इंजिनला आपोआप कळत नाही, ते आमच्या करारावर ठरतं. हाच प्रश्न १९९० च्या दशकाच्या शेवटी बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात हर्बर्ट व्हॅन द सॉम्पेल यांनी हातात घेतला आणि त्यातून ओपनयूआरएल आलं, त्याचं अधिकृत मानक २००४ चं. लेखाची माहिती, म्हणजे जर्नल, वर्ष, खंड, पान, हे सगळं लिंकमधेच भरून लायब्ररीच्या लिंक रिझॉल्व्हरकडे पाठवायचं आणि तो ठरवतो वाचकाला कुठल्या दारात न्यायचं. तो ठरवतो कशावरून, तर नॉलेज बेसवरून. कुठलं जर्नल, कुठल्या प्लॅटफॉर्मवर, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, ही ती यादी. यादी चुकली की रिझॉल्व्हर अगदी आत्मविश्वासाने चुकीच्या दारात नेतो.

आमची यादी पॅकेजच्या नावाने चालू केलेली होती, म्हणजे या प्रकाशकाचं सगळं असं एकदा टिक केलेलं, आणि प्रत्यक्षात आमच्याकडे त्यातला काही भागच. उलट जी जर्नल्स सुटी घेतलेली ती काही ठिकाणी टिकच केलेली नव्हती. मी आणि माझी एक सहकारी, आम्ही करार, बिलं आणि प्रकाशकांच्या केबार्ट फाईल्स शेजारी शेजारी ठेवून ओळ न ओळ तपासली. केबार्ट म्हणजे अशा याद्या कशा लिहायच्या याचा ठरलेला नमुना, २०१० मधे पहिल्यांदा आला, त्यात छापील आणि ऑनलाइन आयएसएसएनचे, म्हणजे जर्नलच्या ओळख क्रमांकांचे, वेगळे रकाने, पहिला ऑनलाइन अंक कुठला, शेवटचा कुठला, आणि एम्बार्गो, म्हणजे कुठल्या काळाचे अंक रोखून ठेवलेत. आयएसएसएनमधेच अर्धा गोंधळ असतो, जर्नलचं नाव मोठं बदललं की नवा नंबर मिळतो, मग जुनी वर्षं जुन्या नावाखाली राहतात आणि नव्या नावाने शोधणाऱ्याला वाटतं मागचं काहीच नाहीये.

एम्बार्गोच्या रकान्यात माझ्याकडून चूक झाली. तिथे पी१वाय लिहिलं तर अर्थ होतो की सगळ्यात ताजं एक वर्ष सोडून मागचं सगळं मिळेल. आर१वाय लिहिलं तर बरोब्बर उलटा अर्थ, फक्त ताजं एक वर्ष मिळेल आणि मागचं काही नाही. मी एका डेटाबेसमधल्या जर्नल्सना घाईत आर लावून बसले. त्यामुळे जे मिळत नव्हतं तिथे लिंक दिसायला लागली आणि जे होतं ते सगळं लपलं, आणि हे काही आठवडे तसंच राहिलं. पकडलं कोणी, तर इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी, जे वर्गात नेहमी देतात तो जुना लेख अचानक यादीतून नाहीसा झालाय म्हणून ते स्वतः चालत आले. त्यानंतर यादीतला कुठलाही बदल एकीने करायचा आणि दुसरीने पाच-सहा लेख वेगवेगळ्या वर्षांचे उघडून तपासायचे असं ठरवलं. वेळ जातो, पण दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

जुने अंक कोणाचे

छापील जर्नल बंद केलं तरी घेतलेले अंक कपाटात राहतात. ऑनलाइनला तसं नसतं, करारात लिहिलेलं असेल तरच. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जर्नल्स थांबवली होती, करारात कलम होतं की ज्या वर्षांचे पैसे भरलेत त्या वर्षांचे अंक कायम वाचता येतील. प्रत्यक्षात वर्गणी संपली त्या दिवशी प्लॅटफॉर्मने सगळंच बंद केलं होतं आणि आमच्यातल्या कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. वहीतून ते वर आलं. मग पुरावे गोळा करायचे, करार कुठल्या वर्षाचा, बिल कुठलं, त्या वर्षी नेमकी कुठली जर्नल्स त्यात होती. कागद तीन कपाटांत आणि दोन जणांच्या जुन्या मेलमधे विखुरलेले. जेवढ्या वर्षांचे कागद सापडले तेवढी वर्षं प्रकाशकाने उघडून दिली, त्यांनी खळखळ केली नाही हेही सांगायला हवं. ज्यांचे कागद सापडले नाहीत ती वर्षं गेली. पैसे भरलेले होते हे मला ठाऊक आहे, पण दाखवायला काही नाही. आता प्रत्येक जर्नलमागे हक्काची वर्षं, कराराचं कलम आणि बिलाची प्रत असा एक तक्ता आहे, आणि जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं की तोच तक्ता नव्या प्रकाशकाला पाठवतो, कारण अशा हस्तांतरातच हक्क सगळ्यात जास्त हरवतात.

प्रकाशकच बंद पडला तर काय, यासाठी स्टॅनफर्डमधे १९९९ साली सुरू झालेलं लॉक्स किंवा २००५ चं पोर्टिको अशा जतनाच्या व्यवस्था आहेत. आमच्या हक्काची कुठली जर्नल्स तिथे आहेत ते तपासून तक्त्यात एक रकाना जोडला, त्यापलीकडे यावेळी गेलो नाही.

फुकटचं म्हणजे दुय्यम नाही

ओपन ॲक्सेसबद्दल, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणाऱ्या लेखांबद्दल, शिक्षकांच्या मनात अजून किंतु आहे, फुकट आहे म्हणजे दर्जा कमी असणार असं. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून अरकाईव्ह या मोफत ऑनलाइन भांडारात पेपर टाकतायत, त्यांना हे समजवावं लागत नाही, बाकीच्यांना लागतं. २०१७ पासून अनपेवॉल आहे, त्यात डीओआय दिला की त्या लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ती सापडते. ते आम्ही रिझॉल्व्हरमधे जोडलं. क्रम असा ठेवला की आधी आमच्या हक्काची प्रकाशित प्रत, मग प्रकाशकाकडेच मोफत असेल तर ती, मग भांडारातली लेखकाची स्वीकृत प्रत, आणि काहीच नसेल तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवायचा फॉर्म, लेखाची सगळी माहिती आधीच भरलेला. एका मॅडमनी रास्त मुद्दा काढला की लेखकाच्या प्रतीत पान नंबर वेगळे असतात, उद्धरण देताना विद्यार्थी चुकतील. म्हणून ती प्रत दाखवताना वरच ठळक लिहिलं की ही छापून आलेली अंतिम प्रत नाही, पान नंबर इथले देऊ नका.

मग विकत काय घेतलं

शेवटचा गठ्ठा. समितीसमोर प्रकाशकाच्या माणसाने नकारांचा रिपोर्ट आणला होता, की बघा तुमच्या लोकांनी आमची एवढी जर्नल्स उघडायचा प्रयत्न केला आणि त्यांना परत जावं लागलं, म्हणून मोठं पॅकेज घ्या. हा रिपोर्ट खोटा नसतो. वापर कसा मोजायचा याचे काउंटर नावाच्या संस्थेचे नियम आहेत, २०१९ पासून पाचवी आवृत्ती आणि २०२५ पासून तिची सुधारित ५.१, त्यातला टीआर जे२ हा रिपोर्ट नकारांचाच आहे. पण तो नीट वाचायला हवा. त्यात मोजले जातात फक्त तेच, ज्यांना प्रकाशकाने आमचा वाचक म्हणून ओळखलेलं असतं. घरून, लॉगिनशिवाय थेट दारात गेलेला विद्यार्थी त्यात कुठेच नाही. म्हणजे स्क्रीनशॉट पाठवणारी ती मुलगी, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं, ती त्या रिपोर्टच्या लेखी अस्तित्वातच नव्हती.

म्हणून मी तीन गोष्टी एकत्र मांडल्या, टीआर जे२, आमची वही, आणि विभागांनी दिलेल्या याद्या. तिन्हीकडे वारंवार येणारी जर्नल्स मोजकीच निघाली आणि ती एका प्रकाशकाची नव्हती, वेगवेगळ्या प्रकाशकांची होती. त्यात टीआर जे४ बघितला, जो दाखवतो की वाचले गेलेले लेख कुठल्या वर्षी छापलेले आहेत. गणित आणि इतिहासाचे लोक इतके जुने लेख वाचत होते की त्यांच्यासाठी चालू वर्गणीपेक्षा जुन्या खंडांचा संच एकदाच विकत घेणं जास्त उपयोगाचं होतं. समितीतले एक सर म्हणाले, एवढ्या पैशांत शेकडो जर्नल्स मिळतायत आणि तुम्ही हाताच्या बोटावर मोजण्याइतकी का घेताय? प्रश्न बरोबरच होता. मी वही उघडून त्यांच्याच विभागाच्या नोंदी दाखवल्या, त्यातल्या किती नव्या पॅकेजने सुटल्या असत्या ते एकेक करून बघितलं, आणि सरांनीच सुट्या जर्नल्सच्या बाजूने मत दिलं.

कराराच्या बोलणीत वाचक कोण याच्या व्याख्येवर आम्ही अडून बसलो. लायब्ररीत येऊन बसणारा बाहेरचा वाचक त्यात आला. सगळ्यात वेळ गेला तो प्रबंध जमा केलेल्या पण तोंडी परीक्षा न झालेल्या विद्यार्थ्यांवर. प्रबंध जमा झाला की नोंदणी विभागाच्या यादीतून नाव जायचं, नाव गेलं की लॉगिन बंद, आणि परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांसाठी संदर्भ लागतात ते नेमके तेव्हाच. प्रकाशकांची हरकत नव्हतीच, अडकलं होतं आमच्याच कार्यालयात. आता पदवी हातात पडेपर्यंत नाव राहतं. पदवीधर माजी विद्यार्थ्यांना मात्र घरून देता आलेलं नाही, त्यांना लायब्ररीत यावं लागतं, आणि लांब राहणाऱ्याला हे सांगताना मला अजूनही अवघड वाटतं.

एक नोंद वहीत ‘अडचण सुटली’ असं लिहून मी बंद केली होती, ती परत उघडावी लागली. दृष्टिहीन विद्यार्थ्याने एक जुना लेख मागितला होता, प्रॉक्सी दुरुस्त झाली, पीडीएफ उघडली, मी खूण केली. आठवड्याने त्याचा फोन आला, मॅडम उघडतंय पण वाचता येत नाहीये. जुन्या अंकांच्या त्या पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो, आत अक्षरं नाहीतच, स्क्रीन रीडरला ते कोरं पान. जे जुने खंड आम्ही नव्याने विकत घेतले त्यातलेही काही तसेच निघाले. पुढच्या नूतनीकरणात दोन गोष्टी मागितल्यात, वाचता येईल अशी प्रत प्रकाशकाने द्यावी, आणि देईपर्यंत आम्हाला तशी बनवून घ्यायची परवानगी करारात असावी. तोवर तो संध्याकाळी लिंक पाठवतो आणि आमच्यातलं कोणीतरी ओसीआर करून देतं, म्हणजे फोटोतली अक्षरं यंत्राकडून ओळखून त्यांचा मजकूर बनवून देतं. मजकूर बरा येतो, तक्ते हाताने टाईप करावे लागतात, आणि समीकरणं असलेलं पान आलं की त्याच्याच विभागातली एक एमएस्सीची मुलगी आमच्या टेबलाशी बसून ती समीकरणं शब्दांत लिहून देते.